सहीच्या कागदाआधी

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंचे सासरे पायरीवरून घसरले, डोक्याला मार लागला. मोठ्या दवाखान्यात नेल्यावर लगेच कागद पुढे आला, ऑपरेशनसाठी सही करा. ते उठून बसतील का, दुखू नये म्हणून काय देणार, हे विचारायला सवडच मिळाली नाही. नऊ दिवसांनी ते गेले. ताई अजून म्हणतात, “सही मी केली.”

आजार बरा होवो वा न होवो, दुखणं, दम, भीती यांवर इलाज करायचा आणि घरच्यांशी खरं बोलायचं, याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. याची सुरुवात एका बाईने केली. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग त्या समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. दुखणं परत उसळायच्या आत, घड्याळ लावून तिथे औषध देत.

ते पाहायला १९७३ मध्ये कॅनडाचे सर्जन बाल्फोर माउंट गेले. १९७५ साली त्यांनी माँट्रियलच्या रुग्णालयात असा विभाग उघडला. तिथल्या फ्रेंच बोलीत ‘हॉस्पिस’ म्हणजे निराधारांचा आश्रम, म्हणून त्यांनी ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द घेतला. त्याच्या मुळाशी पांघरुणाचा अर्थ आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सुरू झालं, तेही एका कॅन्सर सर्जनमुळेच. चिरफाड करणाऱ्यांनीच हे पांघरूण आणलं, याचं आम्हाला नवल वाटलं.

पण ते राहिलं कॅन्सरच्या खाटेपाशी. अपघात विभागात धावपळ जीव वाचवण्याची, आणि तिथे दुखण्याचं बोलणं म्हणजे हार मानणं, असा समज. अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेने २०१७ साली अपघात विभागांसाठी लिहून ठेवलं की दोन्ही कामं पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालवा. २४ तासांत रुग्णाची गरज आणि इच्छा जाणून घ्या, ७२ तासांत घरच्यांना घेऊन बसा.

ताईंनी विचारलं, “आपल्याकडे हे कोणाला विचारायचं?”

सही मागणाऱ्या डॉक्टरांनाच. ऑपरेशन झालं तर माणूस कसा राहील, नाही केलं तर काय होईल, आणि दोन्हीत दुखणं कसं थांबवाल? जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष आहे का, तेही विचारा.