प्रशिक्षक घरचा की बाहेरचा?

संघाचा प्रशिक्षक आपल्या मातीतला असावा की बाहेरून आणावा, हा क्रिकेटरसिकांचा जुना वाद. विदर्भात दोन्ही पक्षांना भक्कम पुरावे सापडतात.

१९५७-५८ पासून रणजी करंडक स्पर्धेत खेळणाऱ्या विदर्भाने तो प्रथम जिंकला २०१७-१८ मध्ये. प्रशिक्षक होते मुंबईकर चंद्रकांत पंडित. आदल्याच मोसमात त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई अंतिम सामना हरली होती. त्यानंतर मुंबईने नवा प्रशिक्षक नेमला आणि विदर्भाने पंडितांना बोलावले. कठोर शिस्तीबद्दल ते ख्यात आहेत. फैज फजलच्या संघाने इंदूरला दिल्लीस नऊ गडी राखून नमविले. पुढील मोसमात करंडक राखलाही.

मात्र सारे श्रेय पाहुण्याच्या पदरात टाकणाऱ्यांनी खापरखेड्याकडे पाहावे. तेथील वीज केंद्रालगतच्या वलनीत, खाणकामगाराच्या घरात वाढलेल्या उमेश यादवने २०१८-१९ च्या उपांत्य सामन्यात वायनाडला केरळचे १२ बळी टिपले. तो विदर्भाकडून खेळू लागला २००८ मध्ये, पंडित येण्याच्या कितीतरी आधी!

पंडित २०२० मध्ये मध्य प्रदेशकडे गेले आणि २०२२ मध्ये त्या संघालाही त्यांनी करंडक मिळवून दिला. बाहेरच्याचा पक्ष येथे जिंकलाच असे वाटते. पण २०२४-२५ मध्ये विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला, तेव्हा प्रशिक्षक होते विदर्भाचेच उस्मान गनी. जामठ्यातील तो अंतिम सामना अनिर्णित राहिला. करंडक मिळाला केरळवरील पहिल्या डावाच्या आघाडीमुळे.