ओखल्याची माशी



दिल्ली मेट्रोच्या मजेंटा लाइनवर ‘ओखला बर्ड सँक्च्युरी’ नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरा आणि कालिंदी कुंजच्या पुलावर या. छठपूजेच्या दिवसांत टीव्हीवर यमुनेचा जो पांढरा फेस दाखवतात, तो इथलाच. नाकाला रुमाल लावल्याशिवाय पाच मिनिटं उभं राहवत नाही. आणि याच जागी, शंभरेक वर्षांपूर्वी, दिल्लीतले साहेब लोक सुट्टीच्या दिवशी लांब काठ्या घेऊन मासे धरायला यायचे. त्यांच्याजवळ एक चपटी डबी असायची, डबीत पिसांच्या माश्या. आजचा भाग त्या डबीवर आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत मासा आणि माशी इतके जवळ आहेत की ऐकताना गोंधळ होतो. इथली माशी म्हणजे गळाच्या आकड्यावर पिसं, रेशीम आणि चांदीची तार गुंडाळून केलेला खोटा किडा. तिला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून ती फेकता येत नाही. फेकायची असते ती जड दोरी, माशी तिच्यामागून उडत जाते. ही कला साहेबाने स्कॉटलंडच्या नद्यांवरून आणली. तिथला मासा सॅमन. (मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात तो आपला रावस. त्याचा सॅमनशी काही संबंध नाही.)

सॅमनची गंमत अशी की, तो समुद्रात वाढतो, अंडी घालायला नदीत परत येतो आणि नदीत आल्यावर खाणं सोडून देतो. मग उपाशी राहायचं ठरवलेला मासा माशीवर तोंड का टाकतो? सवयीने, रागाने की नुसत्या कुतूहलाने, यावर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. जो मासा खातच नाही, त्याच्यासाठी आमिष कुठलं निवडायचं? त्यामुळे निवडीचे ठोकताळे माशाच्या भुकेवर बसवता आले नाहीत, ते पाण्यावर बसवले गेले. नदी फुगलेली आणि पाणी थंड असेल तर मोठी माशी, पाणी उतरलं आणि कोमट झालं की लहान. लख्ख उन्हात उजळ माशी, ढगाळ दिवशी गडद. बाकी सगळी हौस. एकोणिसाव्या शतकात ही हौस इतकी वाढली की जॉर्ज केल्सन नावाच्या गृहस्थाने १८९५ मध्ये ‘द सॅमन फ्लाय’ हा ग्रंथच लिहिला. एकेका माशीला अनेक पक्ष्यांची पिसं लागायची: चीनचा सोनेरी फेजंट, दक्षिण अमेरिकेचा टूकन. ‘इंडियन क्रो’ नावाचं एक लालभडक पीस फार महाग होतं. नावात इंडिया असला तरी तो पक्षीही दक्षिण अमेरिकेचाच.

पण एक पीस खरोखर आपल्याकडचं होतं. सह्याद्रीत पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. नराच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला मेणासारखा चकाकणारा पिवळट-पांढरा ठिपका असतो. माशीच्या दोन्ही बाजूंना ते पीस बांधलं की पाण्यात डोळ्यासारखं दिसतं. ‘जॉक स्कॉट’ या सर्वांत नावाजलेल्या सॅमन माशीत ते लागतंच. म्हणजे स्कॉटलंडच्या नदीत सॅमनला भुलवणारा डोळा दख्खनच्या जंगलातला होता. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची पिसं आणि कातडी परदेशी पाठवायला बंदी घातली आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने इथली शिकारही थांबवली. आता परदेशातले हौशी लोक पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं घेतात. तरी जुन्या पिसांचं वेड गेलेलं नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने २९९ पक्ष्यांची कातडी पळवली, ती माश्या बांधणाऱ्यांच्या बाजारासाठीच.

आता परत दिल्लीला येऊ.

इथे सॅमन नव्हता, महाशीर होता. त्याचा अभ्यास ज्याने रीतसर मांडला तो हेन्री सुलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी. त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये मंगळूरला छापलं गेलं. महाशीर सॅमनपेक्षा जोरदार झुंजतो, असं त्याने लिहिलं आणि विलायतेत भुवया उंचावल्या. पण आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. महाशीर नदीत उपाशी राहत नाही. शेवाळ, पाण्यात पडलेली फळं, गोगलगायी, खेकडे, लहान मासे, सगळं खातो. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि त्यांनी तो शिंपला फोडतो. तेव्हा विलायती डबी उघडून ‘आज कुठली सुंदर माशी लावू?’ हा प्रश्न इथे चुकीचा ठरला. ‘हा मासा आज काय खातोय?’ असं विचारावं लागलं. माझ्या मते थॉमसचं खरं काम हेच.

यमुनेवर त्याचं उत्तर बऱ्याचदा चिलवा असायचं. चिलवा म्हणजे बोटभर लांबीची चंदेरी मासळी. म्हणून माशीच्या अंगावर चांदीची तार हवी, नाहीतर सरळ फिरणारा धातूचा चमचा. पावसाळ्यात पाणी गढूळ, तेव्हा माशी दिसतच नाही, डबी घरी ठेवलेली बरी. ऐन थंडीत मासा सुस्त. उरतात पावसाळा सरल्यानंतरचे आणि थंडी ओसरल्यानंतरचे दिवस, पाणी निवळ आणि मासा भुकेला.

आणि जागा ओखलाच का? कारण तिथे बंधारा होता. आग्रा कालव्यासाठी इंग्रजांनी नदीच्या वाळूवरच दगड रचून तो बांधला आणि १८७४ मध्ये कालवा सुरू झाला. दिल्लीपासून मथुरा-आग्र्यापर्यंतच्या शेतांना पाणी मिळालं. पण महाशीरला वर डोंगराकडे जायचं असतं, तो बंधाऱ्याशी येऊन अडतो. खालच्या डोहात अडलेले मासे जमतात, आणि गळवाल्याला असा डोह म्हणजे पर्वणीच. ज्या भिंतीने माशाची वाट मोडली, तिच्याचमुळे ओखल्याचं नाव झालं. हे तेव्हाच्या जाणत्यांना कळत नव्हतं असं नाही. फ्रान्सिस डे हा मत्स्यतज्ज्ञ आणि थॉमस, दोघेही बंधाऱ्यांमुळे होणारं नुकसान आणि माशांसाठी शिडी ठेवण्याची गरज सांगत होते. १८९७ मध्ये मत्स्य कायदा आला. त्याने सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारायला बंदी केली. भिंतीवर मात्र कोण बंदी घालणार? तो तर सरकारचाच महसूल.

मराठी माणसाला दिल्लीची यमुना आठवते ती बुराडी घाटावरच्या दत्ताजी शिंद्यांमुळे, १० जानेवारी १७६०. तो घाट ओखल्याच्या बराच वर, शहराच्या उत्तर टोकाला. त्याच बाजूला वझिराबादला १९५९ मध्ये आणखी एक बांध आला. वझिराबाद ते ओखला हा २२ किलोमीटरचा पट्टा. १३७६ किलोमीटरच्या यमुनेत तो दोन टक्केही भरत नाही, पण नदीतल्या घाणीचा मोठा वाटा इथलाच. कोरड्या महिन्यांत वझिराबादला नदीचं पाणी जवळजवळ सगळं उचललं जातं. पुढे ओखल्यापर्यंत जे वाहतं ते मुख्यतः नाल्यांचं. निवळ पाण्याचे ते दिवसच आता कॅलेंडरमध्ये नाहीत, मग माशी कुठली निवडायची हा प्रश्न येतोच कुठे?

आता एक गोष्ट आपल्या अभिमानाची. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीरला कर्नल साइक्सने १८३० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रीय नाव दिलं, ते इथल्या लोकांच्या तोंडचं ‘खुद्री’ हे नाव घेऊन. आजही जगभर तो ‘टॉर खुद्री’ आहे. टाटांच्या लोणावळ्याच्या वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवून तलावांत आणि नद्यांत सोडली गेली. यमुनेतला महाशीर मात्र वेगळा, सोनेरी, ‘टॉर पुटिटोरा’. तो आता हिमालयाच्या पायथ्याशी, वरच्या पाण्यात आहे आणि संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीतही आहे.

ओखल्याला १९९० पासून पक्षी अभयारण्य आहे. परवा गेलो तेव्हा तलावावर वारकरी पक्षी शेकड्यांनी होते. पलीकडच्या काठावर एक माणूस कणकेची गोळी लावून हातदोरी टाकून बसला होता. बादलीत दोन तिलापिया होते. ‘और कुछ नहीं आता?’ विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली आणि नवी गोळी वळायला घेतली.