मुलाखतीची साडी

नोकरीच्या मुलाखतीला बाईनं काय घालावं, यावर आजकाल सल्ल्यांचा नुसता पाऊस पडतो. शर्ट कुठल्या रंगाचा, कानातलं केवढं, टाच किती उंच, केस मोकळे की बांधलेले. आमच्या घरातल्या मुली हे सगळं मोबाइलवर वाचत असतात आणि मग आम्हां म्हाताऱ्यांना विचारतात, "तुमच्या वेळी बरं होतं ना, साडी नेसली की झालं!"

मला हसू येतं. साडी नेसली की झालं, असं कधीच नव्हतं. शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या मागे मागे जायची खोड आहे. तशी या प्रश्नाच्या मागे गेले, आणि थेट १८४८ सालच्या पुण्यात जाऊन पोचले.

त्या साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की रस्त्यात लोक अंगावर शेण-चिखल टाकत, हे आपण सगळे जाणतो. पण त्या आठवणीतला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या दोन लुगडी वापरत असं सांगतात. एक रस्त्यासाठी, जाडंभरडं. शाळेत पोचल्यावर ते बदलायचं, स्वच्छ लुगडं नेसून मुलींसमोर उभं राहायचं आणि परतताना पुन्हा ते खराब झालेलंच नेसायचं. मराठी बाईच्या नोकरीच्या पोशाखाचा इतिहास लिहायचा झाला तर तो इथून सुरू करावा लागेल. त्यांची मुलाखत रोज रस्त्यावर होत होती म्हणा ना.

पुढे ३५ वर्षांनी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. जाण्यापूर्वी श्रीरामपूरला भरसभेत त्यांनी भाषण केलं आणि आपण हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊ, असं बजावलं. आता असं वचन दिलं की ते पाळताना पहिला प्रश्न येतो कपड्यांचा. आपलं नऊवारी लुगडं सुंदर खरं, पण त्यात पोटऱ्या उघड्या राहतात. फिलाडेल्फियाच्या बर्फात ते कसं जमावं? आणि परक्या मुलखात पाय उघडे दिसणं हेही बरं नाही. गाऊन घातला असता तर इथले लोक म्हणाले असते, बघा, बाटली! तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीची, पाय झाकणारी साडी नेसायला घेतली. म्हणजे साडी सुटली नाही आणि थंडीही भागली. १८८५ चा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. जपानच्या के ओकामी, सिरियाच्या सबत इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या. आपण तो फोटो कौतुकानं बघतो. त्यातल्या साडीमागे एवढा हिशोब झालेला आहे हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

डॉ. रखमाबाईंची गोष्ट त्याहून चटका लावणारी. लहानपणी झालेलं लग्न आपल्याला मान्य नाही, नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या. तो खटला १८८४ पासून चार वर्षं गाजला. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि १८९५ पासून सुरतेच्या इस्पितळात काम करू लागल्या. १९०४ मध्ये तो नवरा वारला. ज्याच्याशी एक दिवस संसार केला नाही, त्याच्यासाठी या बाईंनी विधवेची पांढरी वस्त्रं घेतली. लोक यावर तऱ्हेतऱ्हेनं बोलतात. मला आपलं एवढंच दिसतं की दवाखान्यात येणाऱ्या बाया आधी डॉक्टरीणबाईचा वेष बघत होत्या, मग औषध घेत होत्या.

आता थोडं पाचवारीविषयी. आज आपण जिला 'पारंपरिक' म्हणतो ती पाचवारी साडी, परकर आणि पोलकं हा जामानिमा तसा नवाच. त्याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो, हे पुष्कळांना माहीत नसेल. सत्येंद्रनाथ टागोर हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ च्या सुमारास त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईला आल्या. बंगालमधल्या बायका तेव्हा घरात नुसती साडी गुंडाळत, आत काही नसे. तशा वेषात चारचौघांत वावरणं शक्यच नव्हतं. मुंबईच्या पारशी बायकांचं बघून त्यांनी परकर-पोलक्यावर साडी नेसायची रीत उचलली, त्यात आपल्या सोयीनं बदल करून पदर डाव्या खांद्यावर घेतला, आणि कलकत्त्याला परतल्यावर इतर बायकांना शिकवली. घराबाहेर पडणाऱ्या बाईची साडी अशी विचार करून 'बनवलेली' आहे.

आपल्याकडे ती रुळायला बराच काळ गेला. काष्ट्याचं ते सकच्छ, बिनकाष्ट्याचं ते विकच्छ, असे शब्द होते. धर्मकार्याला विकच्छ चालत नसे. माझी आजी शेवटपर्यंत नऊवारीत होती आणि 'गोल' नेसणाऱ्या बायकांकडे बघून नाक मुरडायची. तिच्या लेखी ते नेसणं अर्धवट होतं. म्हणजे बघा, जी साडी आजीला उघडीवाघडी वाटत होती, तिच्याच बळावर आमच्या पिढीला 'घरंदाज' म्हणून नोकऱ्या मिळाल्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा सगळा प्रश्न खुर्चीवरच्या नोकऱ्यांचा आहे. शेतात, गिरणीत, बांधकामावर, मासळीबाजारात बायका कितीतरी आधीपासून कामाला जात होत्या. काष्टा खोचला की चालल्या. त्यांना कुणी मुलाखतीला बोलावलं नाही आणि त्यांच्या पदराची चौकशीही कुणी केली नाही. पगाराबरोबर प्रतिष्ठाही द्यायची वेळ आली, तेव्हाच बाईचे कपडे तपासायला सुरुवात झाली.

माझी स्वतःची मुलाखत १९७३ ची. बी.ए., बी.एड. झाले होते आणि दुष्काळामुळे घरात ओढाताण होती. आईच्या ट्रंकेत लग्नाकार्याचा शालू तेवढा होता, तो काही मुलाखतीला नेसता येत नाही. शेजारच्या काकूंनी आपली नवी कोरी हँडलूमची साडी काढून दिली. बारीक निळा काठ होता. म्हणाल्या, "तूच घडी मोड गं, माझ्यापेक्षा तुझ्या कामी येऊ दे." नव्या साडीची घडी दुसऱ्याला मोडायला देणं म्हणजे काय, हे बायकांना वेगळं सांगायला नको. समोर समितीचे तीन सभासद. पहिला प्रश्न आला, "पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा लागेल, चालेल ना?" दुसरा, "लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का?" इतिहासावरचा प्रश्न तिसरा होता. मी पहिल्याला 'हो' म्हटलं आणि दुसऱ्याला 'नाही'. नोकरी मिळाली.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, टेल्कोच्या मुलाखतीसाठी पुण्याला आल्या. जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, म्हणून त्यांनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं होतं, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यांनीच लिहिलेला एक तपशील मला आवडतो. पुण्याला चाललीच आहेस तर तिकडच्या साड्या घेऊन ये, म्हणून वसतिगृहातल्या मैत्रिणींनी त्यांच्याजवळ प्रत्येकी तीस रुपये दिले होते. मुलाखत कारखान्याच्या नोकरीची, आणि सोबत मैत्रिणींच्या साड्यांचे पैसे! पिंपरीला त्यांना प्रश्न विचारले ते मात्र इंजिनियरिंगचे. त्या उत्तीर्ण झाल्या.

मुंबईत ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी खास बायकांची लोकल सुरू झाली. नोकरदार बायकांची संख्या किती वाढली होती ते यावरून कळतं. गर्दीत चढताना निऱ्या सांभाळायच्या की पर्स, हा रोजचा प्रश्न. तेव्हा हळूहळू 'ड्रेस', म्हणजे सलवार-कमीज, कचेऱ्यांत आला. शाळांत मात्र यायला वेळ लागला. त्याच सुमारास माझी एक तरुण सहकारी रोज दीड तास एस.टी.नं यायची. पावसाळ्यात साडी गुडघ्यापर्यंत भिजायची. एके दिवशी ती ड्रेस घालून आली. संध्याकाळी हातात मेमो. दुसऱ्या दिवसापासून ती ड्रेसवर यायची, पिशवीत साडी घेऊन. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बदलायची आणि मग वर्गावर जायची. ती खोलीचं दार लावून घ्यायची तेव्हा मला दर वेळी सावित्रीबाईंची दोन लुगडी आठवायची. दीडशे वर्षांनीही आमची शिक्षिका पिशवीत दुसरे कपडे घेऊन चालत होती. सावित्रीबाई बदलायच्या त्या मुलींसमोर स्वच्छ उभं राहता यावं म्हणून. ही बदलायची ती व्यवस्थापनासाठी. मुलींना कशाचंच काही नव्हतं, त्यांना तिचं गणित आवडायचं.

पुढे निवड समितीत बसायची वेळ माझ्यावरही आली. गुणांच्या तक्त्यात 'व्यक्तिमत्त्व' असा एक रकाना असायचा, दहा गुणांचा. एकदा एक मुलगी आली. साडी धुवून धुवून विटलेली, पदराला सेफ्टी पिन, पायात रबरी चपला. नमुना पाठ तिनं असा घेतला की मागच्या बाकावरची पोरं पुढे सरकली. मी दहापैकी नऊ दिले. इतरांनी दोन-तीन दिले, का विचारलं तर "जरा गबाळी वाटते." दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. कपड्यांवर गुण आहेत असं तक्त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो रकाना होता व्यक्तिमत्त्वाचा. चांगली साडी उसनी देणाऱ्या काकू प्रत्येकीला शेजारी मिळत नाहीत, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

काळ बदलला नाही असं मी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये आपल्या शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांच्या पेहरावाचा शासन निर्णय काढला. त्यात शिक्षिकांसाठी साडीबरोबर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असंही लिहिलं आहे. ज्या ड्रेसवर मेमो मिळाला होता, तो आता नियमात बसला! वकीलबाईंनाही साडीखेरीज पँट, सलवार-कुर्ता यांची मुभा आहे, फक्त रंग पांढरे-काळे, सौम्य हवेत. कोरोनानंतर तर मुलाखती घरबसल्या होतात. वर ब्लेझर, खाली घरातला पायजमा. आनंदीबाईंना थंडीत हे जमलं असतं तर किती बरं झालं असतं!

पण मूळ प्रश्न अजून संपलेला नाही. फॉर्मल शर्ट-पँट आणि बूट यांना पैसे लागतात, आणि ते 'कॅरी' कसं करायचं हे ज्या घरात कुणी आधी घातलेलं असतं तिथेच कळतं. म्हणजे तो व्यक्तिमत्त्वाचा रकाना अजून आहेच.

म्हणून घरातल्या मुलींना मी दोनच गोष्टी सांगते. एक, मुलाखतीला नव्या कपड्याची घडी मोडू नका. आधी एकदा तो घालून बसून, चालून, जिना चढून बघा. खुर्चीत बसल्यावर तुम्हांला कपड्याची आठवण राहिली नाही, तर तो कपडा योग्य. मग ती साडी असो, ड्रेस असो की पँट. दुसरी गोष्ट, पुढे कधी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसाल तेव्हाची. समोरच्या मुलीच्या चपलांकडे नजर गेली तर जाऊ द्या, पण गुण लिहिण्याआधी ती परत वर आणा.

काकूंची ती साडी मी धुवून, इस्त्री करून परत केली होती. त्यांनी ती पुढे गल्लीतल्या आणखी दोघींना मुलाखतीसाठी दिली. त्यातली एक तलाठी कचेरीत लागली, दुसरी टपाल खात्यात. तुमच्या घरातही अशी एखादी साडी असेल. कुणाची होती, कुणी कुणी नेसली, जरूर लिहून कळवा.