रॉक्सरचं गोत्र

2018 साली अमेरिकेतल्या पॉवरस्पोर्ट्सच्या दुकानांत महिंद्राची रॉक्सर उभी राहिली, तेव्हा ती शेजारच्या गाड्यांत अगदीच परकी दिसत होती. या दुकानांत 'साइड-बाय-साइड' किंवा यूटीव्ही नावाचा माल मिळतो. दोघं शेजारी-शेजारी बसतील अशी सीट, गोल स्टिअरिंग, मागे छोटा हौदा. सरकारी नियमांनुसार ही मुळात रस्त्याची गाडी नाही. पाच-पंचवीस एकरांचा मालक शनिवारी तिच्यातून कुंपणाचे खांब आणि सरपण वाहतो, रविवारी तीच घेऊन रानवाटांवर भटकतो. बहुतेकींचं अंग प्लास्टिकचं आणि गिअरच्या जागी पट्ट्यावर चालणारं सीव्हीटी. रॉक्सर मात्र पोलादी पत्र्याची, शिडीसारख्या चासीची, कमानपाट्यांवर बसलेली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन आणि हाताने टाकायचे पाच गिअर. अमेरिकेत अनेकांना हा आगंतुक पाहुणा वाटला. माझं म्हणणं उलट आहे: या दुकानातलं सगळ्यात जुनं रक्त तिचंच.

यूटीव्हीची प्रचलित कुळकथा वेगळी आहे. होंडाने 1970 मध्ये फुगीर टायरची तीनचाकी यूएस-90 आणली. पुढे चारचाकी क्वाड आल्या. उलटणाऱ्या तीनचाक्यांचे अपघात इतके वाढले, की 1988 मध्ये न्यायालयामार्फत झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी अमेरिकेत त्यांची विक्री थांबवली. त्याच वर्षी कावासाकीची 'म्यूल' ही यूटीव्ही बाजारात आली. तारखा जुळल्या, म्हणून वंशही जुळवला गेला.

मला हे पटत नाही. क्वाडवर घोड्यासारखी मांड ठोकावी लागते, हँडल धरावं लागतं आणि वळणावर अंग झुकवून तोल राखावा लागतो. म्यूलमध्ये बाकडं, स्टिअरिंग आणि हौदा. चालवणाऱ्याच्या अंगाचा तोलाशी संबंध जवळपास नाहीच. होंडाकडून आला तो कमी हवेचा रुंद टायर. तेवढं आजोळ मान्य करू, पण गोत्र बापाचं लागतं.

बाप शोधायला सैन्यात जावं लागतं. अमेरिकी लष्कराने 1950 च्या दशकात एम-274 नावाचं वाहन घेतलं. चार चाकांवर एक सपाट फळी, वर अर्धा टन बोजा, चारही चाकांना ओढ. गोळीबार सुरू झाला तर चालकाने उतरायचं, स्टिअरिंग खाली वळवायचं आणि मागून चालत वा रांगत गाडी हाकायची. सैनिक तिला 'मेकॅनिकल म्यूल' म्हणत, म्हणजे यांत्रिक खेचर. कावासाकी सांगते की तिची 'म्यूल' ही 'मल्टी-यूज लाइट इक्विपमेंट'ची आद्याक्षरं आहेत. असेलही. माझा अंदाज असा, की खेचर आधी ठरलं आणि अक्षरं मागाहून जुळवली. आणि लष्कराचं ते खेचर बनवलं कोणी? विलीजने. जीपवाल्या विलीजने.

इथून वाट सरळ जीपकडे जाते आणि तिथे नावाचा जुना तंटा आडवा येतो. 'जीपी'चा अपभ्रंश म्हणजे जीप, हे सगळ्यांना पाठ असतं. ही अक्षरं फोर्डची: 'जी' म्हणजे सरकारी आणि 'पी' हा 80 इंची व्हीलबेसचा कोड. 'जनरल पर्पज' हा लोकांनी मागून जोडलेला अर्थ. दुसरा पक्ष म्हणतो, पॉपायच्या चित्रमालिकेत मार्च 1936 मध्ये ई. सी. सेगार यांनी आणलेला 'युजीन द जीप' हा कुठेही पोचणारा अजब प्राणी या नावाचा मूळपुरुष. लष्करी मेकॅनिक तर फोर्डच्या अक्षरांआधीही कोणत्याही नव्या, न तपासलेल्या गाडीला जीप म्हणतच असत. म्हणून माझं मत पॉपायच्या बाजूने.

पण मला खरी आवडते ती तिसरी कथा. मिनियापोलिस-मोलिन या ट्रॅक्टर कंपनीचा दावा होता, की 1940 मध्ये मिनेसोटातल्या कॅम्प रिप्ली इथल्या सरावात सैनिकांनी 'जीप' म्हटलं ते त्यांच्या लष्करी रूप दिलेल्या ट्रॅक्टरला. हा दावा धरला, तर जीप शेतातून रणात गेली आणि युद्धानंतर परत शेतात आली.

परतली हे तर निर्विवाद. विलीजने 1944 पासूनच शेतीच्या जीपचे नमुने घडवले होते. 1945 मध्ये सीजे-2ए विक्रीला आली. तिला नांगर जोडता येई. मागच्या पीटीओ (इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या) शाफ्टवर पट्टा चढवून मळणीयंत्र वा करवत फिरवता येई. दिवसभर काम, सुटीला डोंगर. यूटीव्हीच्या जाहिराती आज हेच तर सांगतात! इंग्लंडमध्ये याच धर्तीवर 1948 ला लँड रोव्हर निघाली.

मुंबईची शाखाही तेव्हाचीच. 1945 मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. इकडे महिंद्रा अँड मोहम्मदचं महिंद्रा अँड महिंद्रा झालं आणि विलीजच्या जीपची जुळणी सुरू झाली. अमेरिकेत सीजे-3बी ही जीप 1968 मध्ये बंद पडली, इथे तिचा वंश चालूच राहिला. तहसीलदारापासून वडापवाल्यापर्यंत सगळ्यांनी ती पिदडली. तोच साचा, व्हाया थार, रॉक्सर होऊन मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्समध्ये जुळू लागला.

मग भाऊबंदकी आली. जीपची तेव्हाची मालक फियाट क्रायसलर अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे गेली: चौकोनी अंग, सपाट बॉनेट, बाहेरच्या कड्या आणि उभ्या फटींची जाळी आमची आहे. जून 2020 मध्ये आयोगाने महिंद्राविरुद्ध निकाल दिला. महिंद्राने तोंडवळा बदलला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या रूपाला आयोगाने मोकळीक दिली. गंमत अशी, की उभ्या फटींची पत्र्याची जाळी मुळात फोर्डची युक्ती. विलीजची पट्ट्या वेल्ड केलेली होती. फोर्डची स्वस्त आणि हलकी म्हणून विलीजने ती उचलली. जीपची पहिली गाडी तर सप्टेंबर 1940 मध्ये बँटम कंपनीने लष्कराला दिली होती. जीप आपणच निर्माण केली असं भासवू नका, अशी तंबी विलीजला अमेरिकेच्याच दुसऱ्या एका व्यापार आयोगाने 1948 मध्ये दिलीच होती.

आता घेणाऱ्यासाठी. तिकडे जमीन बाळगून असलेले मराठी वाचक मला विचारतात, म्हणून सांगतो. सरकारी जंगलातल्या अनेक वाटा 50 इंचांपेक्षा रुंद गाडीला बंद असतात; पोलारिसने 2007 मध्ये आपली पहिली आरझेडआर यूटीव्ही बरोबर 50 इंचांची केली ती त्यासाठीच. रॉक्सर 62 इंचांची आणि वजनाने कितीतरी जड. मऊ जमिनीत रुतेल आणि पाठही हादरवेल. मात्र जड ट्रेलर हळूहळू ओढायचा असेल, तर सीव्हीटीचा पट्टा तापतो. गिअरची पेटी कुरकुरत नाही. वाटा अरुंद असतील तर आरझेडआर घ्या. ओढकाम जास्त असेल तर रॉक्सर, तीही जुनी मिळाली तर आधी चासीचा गंज तपासून.