कासरा पुन्हा हाती आला तेव्हा

फलटणहून दहिवडीच्या रस्त्याने मोगराळे घाट चढला, की नीरा कालव्याची हिरवाई मागे पडते आणि माणदेशाचे उघडे माळ सुरू होतात. हेच माळ खिलार बैलांचे माहेरघर आणि हीच बैलगाडी शर्यतींची भूमी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने येथील मैदाने बंद झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी ती पुन्हा उघडली. मधली साडेसात वर्षे घरी बसलेले गाडीवान त्यानंतर परतले. म्हणजे नेमके काय परतले, हा या धाग्याचा विषय.

निवृत्त सारथ्याचे पुनरागमन ही फार जुनी गोष्ट आहे. पंधराशे वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलमध्ये पोर्फिरियस नावाचा सारथी होऊन गेला. चार घोड्यांचा रथ हाकण्यात त्याची कीर्ती एवढी होती, की हिरवे आणि निळे या दोन्ही हाडवैरी पक्षांनी त्याचे पुतळे उभारले, आणि तेही तो मैदानात असतानाच. निवृत्तीनंतर त्याला पुन्हा बोलावण्यात आले आणि साठी उलटल्यावरही तो धावला, असे त्याच्यावरील ग्रीक कवितांवरून दिसते.

त्या काळी तेथे एक विलक्षण प्रथा होती. सकाळची शर्यत जिंकलेला सारथी दुपारी हरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी घोड्यांची अदलाबदल करून पुन्हा उतरे. विजय घोड्यांचा की हाताचा, याचा निवाडा त्याच दिवशी, सर्वांसमोर लागे. एकाच दिवशी दोनदा असा निवाडा जिंकल्याचा मान पोर्फिरियसकडे जातो.

मोटारींच्या युगात हा निवाडा अवघड झाला. निकी लाउडा १९७९ मध्ये निवृत्त झाला, १९८२ मध्ये परतला आणि १९८४ चे फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद अवघ्या अर्ध्या गुणाने जिंकला. मायकेल शूमाकरने निवृत्तीपूर्वी ९१ शर्यती जिंकल्या होत्या. २०१० ते २०१२ या पुनरागमनात त्याला एकही जिंकता आली नाही. हात थकला होता की गाडी कमी पडली, यावर चाहते आजही भांडतात. मात्र दोघांनाही बसायला गाडी मिळाली. जुनी मोडीत निघाली, तरी कारखाना नवी बांधतो.

बैल बांधता येत नाही.

शर्यतीच्या बैलाची ऐन उमेद फार तर पाच-सहा वर्षांची. २०१४ साली भरात असलेली जोडी २०२१ मध्ये दावणीला असलीच, तर म्हातारी झालेली होती. बहुतेक दावणींवर तीही उरली नव्हती. नांगर ट्रॅक्टरने आधीच घेतला होता. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे न धावणाऱ्या, न राबणाऱ्या जनावराला गिऱ्हाईक राहिले नाही. शर्यतीच्या आशेवर खोंड सांभाळणे हा तोट्याचा हट्ट ठरला. काहींनी तो केला. पुढे मैदानात उतरले ते बव्हंशी त्यांचेच बैल, असे म्हणता येईल.

बंदी अकारण नव्हती, हेही मोकळेपणाने लिहिले पाहिजे. शेपटी पिरगाळणे, चावणे, टोचणीचा आणि विजेच्या झटक्यांचा वापर हे प्रकार मैदानांवर होत होते. केंद्राने २०११ मध्येच प्रदर्शन आणि कसरतींसाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला होता. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली; उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना स्थगिती दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातील झरे परिसरात आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी झुगारून शर्यत घडवली. अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्राची दुरुस्ती वैध ठरवली.

परतलेल्या गाडीवानासमोरची खरी अडचण या कायद्यातच होती. नव्या नियमांनुसार धाव १,००० मीटरच्या आत. काठी, चाबूक, टोचणी, झटका सारे वर्ज्य. क्रूरता सिद्ध झाल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. ज्याने उमेदीची वर्षे हातात चाबूक घेऊन काढली, त्याला आता कासरा, आवाज आणि तोल एवढ्यावरच अनोळखी, कोवळी जोडी सरळ रेषेत न्यायची होती. मैदान तेच, माती तीच, खेळ मात्र अर्धा नवा. माझ्या मते हा बदल जुन्या जाणत्यांच्या बाजूचा होता. माराने धावणारा बैल कोणीही हाकील; नुसत्या हाकेला धावणारा बैल घडवायला काळ आणि संयम लागतो. नियम मैदानावर किती पाळले जातात, हा प्रश्न अर्थात वेगळा.

पैसाही बदलला होता. २०२३ मध्ये खानापूर तालुक्यातील भाळवणी येथे डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी भरवलेल्या मैदानात पहिले बक्षीस थार गाडी होते. बैल जिंकायचे आणि मोटार न्यायची! बक्षीस एवढे मोठे झाले, की मालक जुन्या ओळखीखातर कासरा कोणाच्या हाती देत नाही. पन्नाशीला टेकलेल्या गाडीवानाला आपला हात पुन्हा सिद्ध करावा लागतो आणि आपल्याकडे जोड्यांची अदलाबदल करून तो निवाडा करण्याची रीत नाही.

पोर्फिरियसच्या पुतळ्यांचे दोन संगमरवरी चौथरे आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. त्यांवर त्याच्या नावासोबत त्याच्या घोड्यांचीही नावे कोरलेली आहेत. आपल्याकडे मैदानाच्या फलकावर बैलाचे नाव मोठ्या अक्षरांत असते, खाली मालकाचे आणि गावाचे. गाडीवानाचे नाव शोधायचे, तर झेंडापंचाला किंवा एखाद्या जुन्या शौकिनाला विचारावे लागते.