हान्सा नगरसंघाचा सामाईक शिक्का

जुना कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम त्यावरील शिक्का पाहतों. परंतु ज्या मंडळानें राजांशीं तह केले, बंदरांची नाकेबंदी केली आणि प्रसंगीं युद्धेंहि केलीं, त्याला स्वतःचा शिक्काच नव्हता, असें कोणी म्हटल्यास संशोधकास तें सहसा पटणार नाहीं. उत्तर युरोपांतील हान्सा नांवाच्या नगरसंघाची स्थिति मात्र अशी होती. शहरासारख्या स्थानिक सत्तेनें आपल्या धन्याच्या हद्दीपलीकडील राजकारणांत कोणत्या अधिकारानें बोलावें, हा प्रश्न युरोपीय संघाची प्रादेशिक समिति १९९४ सालीं ब्रुसेल्स येथें भरूं लागल्यापासून तिकडे पुष्कळ चर्चिला गेला आहे. त्याचें एक जुनें उत्तर हान्साच्या कागदांत सांपडतें, म्हणून त्या कागदांचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हान्साचीं शहरें एका राज्यांतलीं नव्हतीं. लुबेक प्रत्यक्ष सम्राटाच्या अंमलाखालीं होतें. डान्झिग प्रथम ट्यूटन धर्मवीरांच्या व १४५४ पासून पोलंडच्या राजाच्या छत्राखालीं होतें. रीगा व रेव्हाल (हल्लींचें टालिन) लिव्होनियांत, तर कोलोन दूर ऱ्हाईनच्या कांठीं. त्यांची पहिली सर्वसाधारण सभा १३५६ सालीं लुबेक येथें भरली असें मानितात. या सभेंत शहरांवर सत्ता चालविणाऱ्या राजांस जागा नव्हती. प्रत्येक शहराची कौन्सिल आपल्यांतील सभासद मुखत्यारी व सूचना देऊन धाडी. सूचनेबाहेरचा विषय निघाला म्हणजे घरीं विचारून सांगूं, असें म्हणून हे लोक मोकळे होत, आणि कित्येकदां विषय तेथेंच राही.

सभा उठतांना जो कागद होई त्यास रेसेस म्हणत. आरंभीं मिति व स्थळ, मग हजर शहरांचीं व प्रतिनिधींचीं नांवें मानाच्या क्रमानें, आणि नंतर एकेक ठराव. प्रतिनिधि त्याची नक्कल घेऊन घरीं जात, आणि तेथील कौन्सिलीनें मानिल्यावरच ठराव त्या शहरांत चाले. आपल्याकडील महजरांत हाजीर मजालसीचीं नांवें आधीं येतात, तसाच हा प्रकार असल्यामुळें मराठी दप्तरें चाळणारास हे कागद फारसे परके वाटत नाहींत. सभेंत कोणीं कोठें बसावें यावरून तंटेहि तेथें कमी झाले नाहींत. पाटीलकीच्या मानपानाचे निवाडे ज्यांनीं वाचले आहेत त्यांस याचें नवल वाटूं नये. फरक निशाणीचा आहे. महजरावर पाटील आपला नांगर करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करी, आणि सर्व गोत एका कागदावर उभें राही. हान्साच्या बाहेर जाणाऱ्या पत्रावर तें ज्या शहरीं लिहिलें गेलें त्या एका शहराची मोहर असे.

या व्यवस्थेची परीक्षा १४६८ सालीं झाली. डेन्मार्कच्या राजानें साउंडच्या सामुद्रधुनींत इंग्रजांचीं गलबतें धरिलीं. त्यांत हान्साचें अंग आहे असें ठरवून इंग्लंडच्या चवथ्या एडवर्डच्या कौन्सिलीनें लंडनमधील हान्सा व्यापाऱ्यांस कैद केलें व त्यांचा माल अडकविला. कोलोनचे व्यापारी तेवढे सुटले. हान्सा ही एक संस्था आहे, तेव्हां एकाच्या अपराधाचा जाब दुसऱ्यास विचारितां येतो, असें इंग्रजांचें म्हणणें. १४६९ सालीं शहरांतर्फे यास उत्तर गेलें. त्याचा आशय असा: हान्सा ही रोमन कायद्यांतील मंडळी नव्हे, संस्था नव्हे, समुदायहि नव्हे, व्यापाराच्या रक्षणासाठीं शहरांनीं केलेला तो एक स्नेहबंध आहे. तिला सामाईक खजिना नाहीं, सामाईक कौन्सिल नाहीं, सामाईक शिक्का नाहीं; प्रत्येक शहर आपआपल्या धन्याच्या ताब्यांत असून आपल्या कृत्याचा जबाब आपण देतें.

कित्येक ग्रंथकार हें उत्तर हान्साची व्याख्या म्हणून पुढें करितात. आम्हांस तें मान्य नाहीं. हा प्रतिवादीचा करीना आहे, आणि वतनाच्या तंट्यांतील करीना आपण ज्या सावधगिरीनें वाचितों त्याच सावधगिरीनें तो वाचिला पाहिजे. ज्या मंडळास अस्तित्वच नाहीं असें येथें म्हटलें आहे, त्यानेंच ब्रन्सविकच्या लोकांनीं बंड करून कौन्सिलर मारिले म्हणून १३७५ सालीं त्या शहरास बहिष्कृत केलें होतें व १३८० त परत घेतलें होतें. करिना लिहून दोन वर्षें होतात न होतात तोंच, १४७१ सालीं, लंडनांत वेगळी चूल मांडल्याबद्दल कोलोनलाहि वाळींत टाकिलें. गोतांतून काढण्यास आधीं गोत असावें लागतें!

तथापि उत्तर निखालस लटकें होतें असेंहि नाहीं. पांच वर्षें समुद्रावर लढाई होऊन १४७४ च्या फेब्रुवारींत उट्रेक्ट येथें तह झाला. लंडनची स्टीलयार्ड वखार शहरांच्या मालकीची झाली, शिवाय १०,००० पौंड भरपाई जकातींतून कापून घेण्याचें ठरलें. बोलणीं लुबेकच्या पुढाकारानें झालीं; परंतु इंग्रजांस प्रशियांत तशाच सवलती देण्याचें कलम डान्झिगास नको होतें, आणि त्या एका शहरानें १४७६ पर्यंत तहास संमति दिली नाहीं. सामाईक शिक्का असता तर हा नकार लुबेकच्या लाखेखालीं दडपला गेला असता, असें आमचें मत आहे. या उणीवेची किंमतहि शहरांनीं भरली. पुढें राजसत्ता बळावल्या तेव्हां घरीं विचारून सांगूं म्हणणारांसाठीं त्या थांबल्या नाहींत. १६६९ सालीं लुबेक येथें भरलेल्या शेवटच्या सभेंत अवघीं नऊ शहरें होतीं.

आरंभीं उल्लेखिलेली ब्रुसेल्सची समिति नेमकी उलट बांधणीची आहे. तिला राज्यांनीं १९९२ च्या मास्ट्रिक्टच्या तहानें जन्म दिला. मार्च १९९४ मध्यें ती प्रथम भरली तेव्हां तिचे सभासद १८९ होते. तिला सल्ला देण्याचा अधिकार मिळाला, निकालाचा नाहीं. विशेष हें कीं, सभासदांवर कोणाच्याहि सूचनांचें बंधन असूं नये असें तहांतच लिहिलें आहे. हान्साच्या प्रतिनिधीचें सारें वजन त्या सूचनांतच होतें. हॅम्बुर्गनें मात्र समितीची वाट पाहिली नाहीं. १९८५ सालींच ब्रुसेल्स येथें स्वतःची कचेरी उघडली, आणि पुढें श्लेस्विग-होल्स्टाइनसह चालविलेल्या त्या कचेरीस हान्सा हेंच नांव दिलें.

वरील हकीकत आज सुलभपणें कळते ती छापील साधनांमुळें. कार्ल कोपमान यांनीं रेसेसांचा पहिला खंड १८७० त काढिला व १४३० पर्यंतचे कागद आठ खंडांत दिले. तेथून १४७६ पर्यंतचा भाग, ज्यांत आमचा करीना येतो, फॉन डेर रोप यांनीं संपादिला. या छापील प्रतींचें मोल पुढें कळलें. मार्च १९४२ च्या हवाई हल्ल्यानंतर लुबेकचें जुनें दप्तर बर्नबुर्गजवळील मिठाच्या खाणींत नेऊन ठेविलें, तेथून युद्धानंतर तें सोव्हिएट देशांत गेलें, आणि १९८७ व १९९० सालीं त्याचे मोठे भाग लुबेकास परत आले. मधल्या चाळीसांहून अधिक वर्षांत अस्सल दृष्टीआड असतां संशोधन चाललें तें मुख्यतः या नकलांवर.