गोल झाला का? जाळीपासून कॅमेऱ्यापर्यंत

पावसाळा ओसरू लागला की यवतमाळ जिल्ह्यात शालेय स्पर्धांची गडबड सुरू होते. पुसद असो, वणी असो की दारव्हा, फुटबॉलचे मैदान बहुधा सारखेच. काळी माती, सकाळी मारलेली फक्की दुपारच्या सरीने निम्मी वाहून गेलेली, दोन टोकांना गोलाचे खांब. जाळी कधी असते, कधी नसते. जोरात मारलेला चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून? टप्पा रेषेवर पडला की पलीकडे? एका बाजूची मुले नाचू लागतात, दुसऱ्या बाजूची पंचांना घेरतात. पंच म्हणजे दुसऱ्या एखाद्या शाळेचे क्रीडाशिक्षक. अलीकडे या गोंधळात आणखी एक भर पडली आहे. काठावरचे एखादे पालक मोबाइल उंचावत मैदानात येतात : "सर, हे पाहा न, गोलच आहे!"

सरांनी ते पाहावे का? जागतिक फुटबॉल या एका प्रश्नाभोवती कित्येक वर्षे घुटमळत होते, आणि उत्तर मिळाल्यावरही भांडण मिटलेले नाही. तेव्हा या प्रश्नाचा इतिहास जरा मागे जाऊन पाहू.

सुरुवातीच्या फुटबॉलमध्ये मैदानावर दोन पंच असत, प्रत्येक संघाचा एक. खेळाडूंनी दाद मागायची आणि या दोघांनी ठरवायचे. दोघांचे जमले नाही तर वाद मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्या माणसाकडे जाई. ज्याच्याकडे वाद सोपवायचा तो, म्हणून त्याला 'रेफरी' हे नाव पडले. १८९१ साली या तिसऱ्या माणसाला मैदानात आणून सर्व अधिकार दिले गेले, आणि आधीचे दोघे रेषेवर जाऊन लाइनमन झाले. म्हणजे बाहेर बसून वाद सोडवणारा पंच ही कल्पना टीव्हीच्या काळातली नाही. ती या खेळाच्या बालपणातलीच आहे.

त्याच सुमारास लिव्हरपूलचे अभियंते जॉन अलेक्झांडर ब्रॉडी यांनी खांबांमागे जाळी लावण्याची युक्ती काढली. १८९१ पासून ती सामन्यांत वापरात आली. आज आपल्याला जाळी गोलाचाच एक भाग वाटते; पण ते पंचांच्या मदतीसाठी निघालेले एक उपकरण आहे. चेंडू खांबाच्या आतून गेला याचा पुरावा ती जागच्या जागी, सर्वांच्या डोळ्यांदेखत आणि खेळ न थांबवता देते. आमच्या मते पंचांना मदत करणारे इतके चांगले साधन त्यानंतर निघालेले नाही.

पण चेंडू आडव्या दांड्याला आपटून खाली रेषेजवळ पडला आणि बाहेर आला, तर जाळी मुकीच राहते. ३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हेच झाले. इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी २–२ बरोबरीत असताना जादा वेळेत जेफ हर्स्टचा फटका दांड्याला लागून खाली आदळला. स्विस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांनी सोव्हिएत संघातील अझरबैजानचे लाइनमन तोफिक बहरामोव्ह यांना विचारले. त्यांनी गोल झाल्याचे सांगितले. इंग्लंडने सामना ४–२ असा जिंकला. तीस वर्षांनी, १९९६ साली, ऑक्सफर्डच्या इयन रीड आणि अँड्र्यू झिसरमन यांनी सामन्याच्या चित्रणावरून मोजमाप मांडले. त्यानुसार चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे गेलेला नव्हता. एका चित्रणाकडे नुसते पाहून हे ठरत नव्हते; त्यासाठी वेगवेगळ्या कोनांतील चित्रे जोडून भूमितीने हिशेब करावा लागला.

आपल्याकडे या प्रश्नाची ओळख फुटबॉलने नव्हे, क्रिकेटने करून दिली. १४ नोव्हेंबर १९९२, डर्बनचे किंग्जमीड मैदान, भारत–दक्षिण आफ्रिका पहिली कसोटी. एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर ११ धावांवर होता. तो धाव घ्यायला निघाला, परत फिरला, तोवर जाँटी ऱ्होड्सची फेक आली. मैदानावरील पंच सिरिल मिचली यांनी स्वतः निकाल न देता तो बाहेर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांच्यावर सोपवला. टीव्हीचे चित्रण पाहून लीबेनबर्ग यांनी धावचीत दिले. तिसऱ्या पंचाने असा बाद दिलेला कसोटीतला पहिला फलंदाज म्हणजे आपला मुंबईचा सचिन.

या प्रसंगाचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. लगेचची कसोटी जोहान्सबर्गला झाली. तेथे ऱ्होड्स २८ वर असताना धावचीतची दाद मागितली गेली. पंच स्टीव्ह बकनर यांना स्वतःच्या नजरेची खात्री होती. त्यांनी टीव्हीची मदत मागितलीच नाही. चित्रणात मात्र तो बाद दिसत होता. ऱ्होड्सने ९१ धावा केल्या. यंत्र होते, चित्र होते, पण ते पाहायचे की नाही हे माणूस ठरवत होता.

आता थोडे गणित. पडद्यावर हलते असे काही नसते. स्थिर चित्रे भराभर एकामागून एक दिसतात. त्या काळी टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रे असत. फलंदाज सेकंदाला ७ मीटर वेगाने धावत असेल तर एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत तो २८ सेंटिमीटर पुढे जातो. बेल्स नेमक्या या दोन चित्रांच्या मधल्या क्षणी उडाल्या तर चित्र काय सांगणार? फुटबॉलचा जोरदार फटका ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर धरला, तर दोन चित्रांत चेंडू एक मीटर सरकतो. रेषा पार करून बाहेर आलेला चेंडू अशा चित्रणात सापडेलच असे नाही.

म्हणून २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा स्वच्छ गोल पंचांना दिसला नाही आणि जगभर ओरड झाली, तेव्हा आधी आले ते रिप्ले नव्हे, तर गोलरेषेचे यंत्र. नियम करणाऱ्या मंडळाने ते जुलै २०१२ मध्ये मान्य केले. २०१४ च्या ब्राझील विश्वचषकात प्रत्येक गोलावर ७ असे १४ कॅमेरे होते. ते सेकंदाला ५०० चित्रे घेत. आपल्या हिशेबात एक मीटरचे ५ सेंटिमीटर झाले. गोल झाला की पंचांच्या मनगटावरील घड्याळात इशारा येई. या यंत्राविषयी फारसे भांडण झाले नाही, याचे आम्हांला आश्चर्य वाटत नाही. ते जाळीचेच काम करते.

रिप्लेची गोष्ट वेगळी आहे. मार्च २०१८ मध्ये त्याला नियमात स्थान मिळाले, तेही चारच बाबींपुरते : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा. शिवाय पंचांची चूक ढळढळीत असेल तरच. त्याच वर्षी १५ जुलैला मॉस्कोतील अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. पंच नेस्तोर पिताना यांनी काठावरच्या पडद्यावर तो प्रसंग पाहिला आणि फ्रान्सला पेनल्टी दिली. चेंडू हाताला लागला यात शंका नव्हती. प्रश्न होता तो गुन्हा होता का, हा. आणि तेच चित्र पाहून जाणकारांचे आजही एकमत नाही. चेंडू कोठे होता हे कॅमेरा दाखवतो. हाताने काय करायचे होते हे तो दाखवत नाही.

चित्र संथ केले तर? उलट घोटाळा वाढतो. २०१६ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवले की तेच कृत्य संथ गतीने पाहणाऱ्यांना ते अधिक हेतुपुरस्सर वाटते, कारण करणाऱ्याला विचार करायला जास्त वेळ होता असा भास होतो. म्हणूनच फुटबॉलचा नियम सांगतो की चेंडू कोठे लागला हे पाहायला संथ चित्र चालेल, पण धक्का किती जोराचा हे नेहमीच्या वेगातच पाहावे.

आणि चित्र अचूक असले तरी बोलण्यात चूक होतेच. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लिव्हरपूलच्या लुईस डियासचा योग्य गोल ऑफसाइड ठरला. रिप्ले पाहणाऱ्याने तपासणी बरोबर केली. पण मैदानावर गोल दिला आहे अशी त्याची समजूत होती, म्हणून त्याने नुसते 'तपासणी पूर्ण' असे कळवले. गैरसमज लक्षात येईपर्यंत खेळ सुरू झाला होता.

आपल्या देशात ३ मार्च २०२३ ला बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर सुनील छेत्रीने झटपट फ्री किक मारून गोल केला. केरळ ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकांनी संघ मैदानाबाहेर नेला, सामना सोडला; पुढे संघाला ४ कोटी रुपये दंड झाला. चेंडू जाळीत गेला हे सर्वांनाच मान्य होते. वाद होता तो पंचांनी आधी शिट्टी वाजवून मग किक घेऊ द्यायची होती का, यावर. तेथे कोणता कॅमेरा कामाला आला असता?

मग आपल्या काळ्या मातीतल्या सामन्याचे काय? आमचे मत असे की सरांनी तो मोबाइल पाहू नये. एक तर तो एकाच बाजूच्या हातात आहे. दुसरे, तो तिरप्या कोनातून घेतलेला आहे. तिसरे, तो सेकंदाला ३० चित्रे घेत असेल तर जोरदार फटक्यात दोन चित्रांमध्ये ८३ सेंटिमीटरची फट राहते. त्यापेक्षा सामन्याआधी जाळी बांधावी, सर थांबली की फक्की पुन्हा मारावी आणि दोन्ही बाजूंना एकेक जाणता लाइनमन उभा करावा. तिन्ही मिळून खर्च थोडा, आणि साधने दोन्ही संघांची.

मोबाइलचा उपयोग मात्र दुसऱ्या दिवशी तासाला जरूर करावा. गोल ठरायला संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेपलीकडे जावा लागतो. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. रेषा जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर रुंद. चेंडूची कड रेषेवर येईल असा तो ठेवावा आणि मुलांना कोपऱ्यातून, गोलामागून, नेमके रेषेच्या सरळीत उभे राहून आणि शक्य असल्यास वरून फोटो घ्यायला लावावे. मग चेंडू वीतभर उंच धरून पुन्हा तेच करावे. फोटो फळ्याजवळ मांडून कोणत्या चित्रात गोल आहे याचे मतदान घ्यावे, आणि मग मैदानावर जाऊन मोजपट्टी लावावी.